दुसऱ्याच्या हातची गाठ

वाल अर्धे सोलून झाले होते. कोमट पाण्याच्या पातेल्यात मोड आलेले वाल, डाव्या हाताला सालींचा ढीग, उजवीकडे ताटात पांढऱ्या डाळिंब्या. बोटांची टोकं भिजून सुरकुतली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून ह्यांची हाक आली.

"सुंदरे, पाय आवर गो."

पाय आवर म्हणजे उसळणारा पाय येऊन धर. आमच्या घरात ही हाक दिवसातून दहा-बारा वेळा येते. पदराला हात पुसून मी आत गेले. उजवा पाय गुडघ्यापासून ताठ झाला होता आणि खाटेवर थडथड उडत होता. ह्या झटक्यांना दाबून धरायचं नसतं. दाबलं की ते दुप्पट जोर करतात. एक हात टाचेखाली घालायचा, दुसरा गुडघ्याखाली, आणि पाय जिकडे ओढतो तिकडे त्याच्यासोबत थोडं जाऊन मग हळूहळू दुमडायचा. मी मनात अकरा वेळा रामनाम घेते. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या नावाला पाय मऊ पडतो.

काल मंगळवारी अकरा झाली, बावीस झाली, तरी पाय थांबेना. पहाटेपासूनची ही पंचविसावी खेप होती.

"आज लय मस्तीला आलाय," हे म्हणाले. "गाडीला जुंप त्याला."

मीही हसले. त्यानंतर दिवसभर आमच्या घरात कुणी हसलं नाही.

आमचं गाव सापगावच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला. ह्यांचं नाव चंदर. पाच वर्षांपूर्वीपर्यंत शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पेंढ्याचा ट्रक भरायचा म्हटलं की ह्यांना बोलावणं यायचं. भाताची झोडणी संपली की तबेल्यांसाठी पेंढा मुंबईकडे जातो. ट्रकच्या टपाच्या वर दीड पुरुष उंच माल चढवायचा आणि तो वळणावर, खड्ड्यात, कुठेही हलता कामा नये असा बांधायचा, हे ह्यांचं काम. भरणारे पुष्कळ होते. बांधणारे हे एकटेच. ह्यांनी बांधलेली गाडी भिवंडीपर्यंत गेली तरी दोरी बोटभर सरकत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या माहेरच्या पिशवीची सुतळी सोडायला मला अर्धा तास लागला होता. शेवटी विळीने कापली, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. "गाठ कापायची नसते, ऐकायची असते," म्हणाले. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं.

पाच वर्षांपूर्वी मार्गशीर्षात किन्हवलीच्या एका खळ्यावर गाडी भरत होते. हे वर, माल दाबत होते. खालून दोरी ओढून पुढची गाठ क्लीनरने मारली. ह्यांनी वरून विचारलं, "घट झाली का?" तो म्हणाला, "झाली." ह्यांनी दोरीवर भार टाकला आणि मालासकट खळ्याच्या दगडी कडेवर आले. पाठीचा मणका वरच्या बाजूला, छातीच्या मागे मोडला. हात शाबूत राहिले. छातीखाली मात्र काहीच कळत नाही. चटका नाही, चिमटा नाही, लघवी नाही. मुंबईच्या दवाखान्यात चार महिने काढले. तिथे शुद्धीवर आल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य होतं, "ती गाठ सुटली नाय. मारलीच नव्हती. नुसता पीळ दिलेला."

तेव्हापासून ह्यांचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या हातची गाठ अंगाशी नको. खाटेच्या पायथ्याला दोरीची शिडी आहे. तिच्या फासात हात घालून हे स्वतःला उठवून बसवतात. ती ह्यांनी स्वतः बांधली. चाकांच्या खुर्चीचा पट्टा स्वतः लावतात. लघवीच्या पिशवीची नाडीसुद्धा मी बांधली तर सोडून पुन्हा बांधतात. आता खाटेवर बसून बैलांचे कासरे आणि मोरख्या वळतात. म्हशाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो, त्याआधी महिनाभर दारात माणसं असतात.

मुंबईहून निघताना दवाखान्यातल्या काजल सिस्टरनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, वही. रोज किती पाणी प्यायलं, लघवी किती झाली, पोट साफ झालं का, झटके कुठल्या पायाला किती, अंगावर कुठे लाली. रोज लिहायचं. मी वरती श्रीराम लिहून सुरुवात करते. ही आठवी वही आहे. दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते. "वहिनी, ह्यांच्या खालच्या अंगाला काही झालं तर ते ह्यांना सांगू शकत नाही. मग ते भलतीकडून ओरडतं. झटके वाढतात. डोकं ठणकतं, तोंड लाल होतं, वरच्या अंगाला घाम फुटतो, प्रेशर चढतं. डोकेदुखीची गोळी देऊन बसू नका. खाली कुठेतरी काहीतरी टोचतंय, दाबतंय, तुंबलंय. ते शोधून काढायचं. नाही सापडलं तर मेंदूतली शीर फुटू शकते."

हे मला पाठ होतं. पाच वर्षांत एकदाच असं झालं, तेव्हा नळीला पीळ पडला होता. मी सरळ केला आणि दहा मिनिटांत सगळं शांत झालं.

काल पाय दुमडून मी पुन्हा वालांकडे वळणार, तर हे म्हणाले, "थांब. डोकं ठणकतंय."

मी वळून पाहिलं. तोंड तांबडंलाल झालं होतं. माघ महिन्यातली सकाळ, मी अंगावर शाल घेतलेली, आणि ह्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. दंडावर काटा उभा होता. मी प्रेशरचं मशीन लावलं. ह्यांचं रोजचं वरचं प्रेशर शंभरच्या आसपास असतं. मशीन एकशे शहाऐंशी म्हणालं.

"उठा. बसा आधी."

ह्यांनी शिडीत हात घातला आणि ओढून बसले. मी पाय खाटेखाली सोडले, पाठीला गोणपाटाचे लोड लावले, लेंग्याची नाडी सोडली, पोटाचा पट्टा काढला. नळी वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपली. पीळ नव्हता. पिशवीत धार चालू होती. हातमोजा घालून पोट पाहिलं. आदल्या दिवशीच साफ झालं होतं, आताही काही नव्हतं. एका कुशीला कलवून पाठ, बैठक, दोन्ही कुल्ले पाहिले. कातडी स्वच्छ. डाव्या पायाचा मोजा काढून नखं पाहिली, टाच पाहिली. ठीक होती.

पुन्हा मशीन. एकशे अठ्ठ्याण्णव.

"सुंदरे," हे म्हणाले, "तू दोन-दोन दिसतेस."

सासूबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांना मोतीबिंदूमुळे माणूस नुसता सावलीसारखा दिसतो, पण आवाजावरून सगळं कळतं. "काय झालंय गो? चंदर असा का बोलतो?"

"आई, शेजारच्या देवजीभाऊंना हाक मारा. एकशे आठला फोन करायला सांगा."

आमची कुणाली शहापूरला कॉलेजात होती. घरात आम्ही दोघीच. देवजीभाऊंनी अंगणातून ओरडून सांगितलं, "वैनी, गाडी निघाली. पस्तीस मिन्टं लागतील म्हंतात."

पस्तीस मिनिटं. शीर फुटायला किती लागतात ते सिस्टरनी सांगितलं नव्हतं.

मी त्यांनाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला. सगळं सांगितलं. नळी, पोट, कातडी, नखं.

"कपडे? सगळं घट्ट असलेलं काढलंत?"

"काढलं."

"मोजे?"

"डावा काढला."

"आणि उजवा?"

मला तो प्रश्न ऐकूच आला नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरंच सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही की तिथे काही शोधायचं आहे. टोचणाऱ्या, दाबणाऱ्या वस्तूंची जी यादी माझ्या मनात होती, तिच्यात ते नव्हतंच. ते देवाचं होतं.

"वहिनी? बरं, वही आणा. झटके कधीपासून वाढलेत ते वाचा मला."

मी वही आणली. मागच्या आठवड्याचं पान उघडलं. "मागचा मंगळवार. उजवा सहा, डावा सहा. दोन्ही पाय पुसले. बुधवार. उजवा सात, डावा सहा. पाय पुसले, उजवा मोजा राहिला. गुरुवार. उजवा नऊ, डावा सहा. उजवा मोजा राहिला. शुक्रवार. उजवा अकरा. मोजा राहिला. शनिवार, पंधरा. राहिला. रविवार, एकोणीस. राहिला. काल सव्वीस..."

मी थांबले.

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "सहा दिवस मोजा का राहिला, वहिनी?"

हे सांगायला लाज वाटते, पण ज्यासाठी लिहायला बसले ते हेच.

पौष पौर्णिमेला मी आणि कुणाली म्हशाच्या यात्रेला गेलो होतो. ह्यांनी नायलॉनच्या दोऱ्या सांगितल्या होत्या, त्या घेतल्या. आणि एका पालावरून काळा सुती दोरा घेतला, देवाच्या पायाला लावला. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "देवाचा दोरा आणलाय. मनगटाला बांधू का?"

"नको. दुसऱ्याच्या हातची गाठ नको. देव्हाऱ्यात ठेव."

मी ठेवला. पण सासूबाई दोन दिवस मागे लागल्या. "गो, देव्हाऱ्यात ठेवून काय होईल? पायाचं दुखणं, पायाला बांध. नऊ गाठी मार. म्हणायचं, हा आपल्या पायानं देवळात येईल आणि आपल्या हातानं दोरा सोडील." मलाही ते हवंच होतं. पाच वर्षं मी ज्या पायांना पुसते, वळवते, दुमडते, ते एकदा जमिनीला टेकलेले मला बघायचे होते. सिस्टरनी सांगितलं आहे की झटके म्हणजे पायात जीव येणं नाही. ते मला समजतं. आणि पाय उसळला की माझ्या पोटात आशाही उसळते. दोन्ही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी हे रेडिओ लावून कासरा वळत होते आणि मी खाली बसून पाय पुसत होते. ह्यांचे हात माझ्या डोक्यापासून दोन हातांवर. मी उजव्या घोट्याच्या वर दोरा गुंडाळला आणि एकेक नाव घेत नऊ गाठी मारल्या. ह्यांना काही कळलं नाही. कळणारच नव्हतं, म्हणून तर तिथे बांधला. वर मोजा चढवला. तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही, पूजा केल्यासारखं वाटलं.

पहिले आठ-दहा दिवस रोज मोजा काढून दोऱ्याखाली बोट जातंय ना ते बघत होते. मग बुधवारी माझी अडचण आली. पूर्वी मी चार दिवस बाजूला बसायची. ह्यांच्या अपघातानंतर ते बंद झालं, कारण मी बाजूला बसले तर ह्यांना कुशीवर कोण वळवणार? मग सासूबाईंनीच तोड काढली. माणसाचं सगळं करायचं, देवाला शिवायचं नाही. दिवा त्या लावतात. आता दोरा देवाचा. म्हणून उजवा मोजा मी तसाच ठेवला. वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, नहाण झालं की काढीन. पण माझंही वय झालं, आता चाराचे सहा-सात होतात. सातव्या दिवशीही नहाण बाकीच होतं.

हे सगळं मी फोनवर सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, "सिस्टर, मोज्याच्या आत दोरा आहे."

"काढा. आत्ताच्या आत्ता."

मी खाली बसले, तर सासूबाईंचा आवाज आला. "सुंदरे! तू नहाली नाय अजून. शिवू नको. मी काढते."

"तुम्हाला दिसत नाही, आई."

"मग गाडीवाले येऊदे. नवसाचा दोरा आहे तो. असा तोडला तर उलटंल."

"अजून काय उलटायचं राहिलंय?"

असं मी त्यांना जन्मात कधी बोलले नव्हते. त्यांनी दाराची चौकट धरली.

आणि खाटेवरून ह्यांचा आवाज आला. डोळे मिटलेले, दोन्ही मुठी शिडीत अडकवलेल्या. "कसला दोरा?"

मी मोजा काढला. घोट्याच्या वर पाय फुगून चकचकीत झाला होता आणि मध्ये एक खाच होती. दोरा दिसतच नव्हता. खाचेच्या कडा ओल्या होत्या, वास येत होता. मी नखांनी चाचपलं, तर वालांच्या पाण्याने नखं मऊ पडलेली, ती दुमडली. कात्री आणली. कात्रीचं टोक आत जाईना, आणि जोर करावा तर कातडीत घुसेल. ह्यांना कळणार नाही, रक्त किती आलं तेही कळणार नाही. मी कात्री मागे घेतली. मशीन दोनशे सहा दाखवत होतं.

"कसला दोरा, सुंदरे?"

"देवाचा. मी बांधलाय. घोट्याला. रुतलाय."

ह्यांचा श्वास जोरात चालला होता. मग म्हणाले, "दोरी कसली?"

"सुती."

"गाठी?"

"नऊ."

"नऊ! बैल बांधलास काय गो?" असं म्हणून त्यांनी दात आवळले, कपाळ शिडीला टेकवलं. "कात्री टाक. माझं दाभण घे, उशाशी आहे. बोथट टोकाचं. गाठी कुठल्या अंगाला?"

"बाहेरच्या."

"मग आतल्या अंगानं जा. गाठीत घुसू नको, गाठीच्या पाठीला दोरी सरळ असते, तिथं. दाभण आडवं धर, कातडीला निजवून. घातलंस?"

"घालते. दिसत नाही मला."

"डोळ्यानं नको बघू. टोकानं बघ. कातडी मऊ लागंल, दोरी खरखर लागंल. खरखर लागली का?"

लागली. अगदी बारीक, वाळूसारखी. "लागली."

"आता खालनं घे. उचल. सावकाश. ओढू नको, उचल. दोरी दाभणावर आली?"

काळ्या दोऱ्याची एक आंधळी रेघ वर आली. "आली."

"उशाशीच ब्लेड आहे, ते वर लाव. दाभणावरच काप, म्हंजे खाली लागणार नाय."

मी ब्लेड लावलं. ओठांवर रामाचं नाव आलं आणि मी ते गिळलं. काय म्हणून घ्यायचं तेच कळेना. दोरा तुटला. खाचेतून हलकेच वर आला, जसा काही वाट बघत होता.

मशीन. एकशे ऐंशी. फोनमधून सिस्टर म्हणत होत्या, "पाय खालीच ठेवा. बसलेलेच राहू द्या. दर दोन मिनिटांनी बघा." एकशे साठ. एकशे बेचाळीस. ह्यांच्या तोंडाची लाली गळ्यावरून खाली उतरत गेली. घाम थांबला. एकशे अठरा. सकाळपासून उसळणारा पाय खाटेखाली नुसता लोंबत होता.

"आता एकच दिसतेस," हे म्हणाले. आवाजात काही नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

गाडी आली तेव्हा प्रेशर उतरलं होतं, पण जखमेसाठी शहापूरला नेलंच. कुणाली कॉलेजातून तडक दवाखान्यात आली. डॉक्टरांनी जखम धुतली. हाड आणि शिरा वाचल्या आहेत म्हणाले, पण अशा पायाची जखम भरायला महिना-दोन महिने लागतील, रोज पट्टी बदलायची, पायाला कशाचाही दाब नको. "हे कशानं झालं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "दोरीनं. आमचा दोरीचाच धंदा आहे." डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं.

परत येताना वाटेत हे माझ्याशी बोलले नाहीत. कुणालीशी बोलले, देवजीभाऊंशी बोलले. घरी खाटेवर घेतल्यावर मी पाणी दिलं, तेव्हा भांडं हातात धरून म्हणाले, "सुताची दोरी भिजली की आकसते. तू रोज पाय पुसतेस, ओल्या फडक्यानं. मोज्यात ती वाळणार कशी? पेंढेवाल्याच्या बायकोला येवढं पण म्हायती नाय."

"चुकलं माझं."

"ते नाय चुकलं. ते कुणाचंबी चुकंल." त्यांनी पाणी प्यायलं नाही. "त्या क्लीनरला मी वरनं इचारलं होतं, घट झाली का. तो खोटं बोलला, पण मला इचारायला तरी मिळालं. तू मला इचारलंस, मी नाय म्हटलं. मग जिथं मला कळत नाय तिथं बांधलंस. ते पाय माझे नायत काय आता? तुझे नि देवाचे झाले?"

मी पदर तोंडाला लावून तिथेच बसले. मी त्यांचं अंग इतकी वर्षं धुतलंय, वळवलंय, की ते माझंच आहे असं मला कधी वाटायला लागलं ते कळलंच नाही.

सासूबाई पलीकडे जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रागावू नको तिला. मीच सांगितलं तिला. पण नवस मोडला रे चंदर. तुझ्या हातानं सुटायचा होता."

"दाभण कोणाचं होतं, आये?"

"तुझं."

"कुठनं घालायचं कोणी सांगितलं?"

सासूबाईंच्या माळेचा मणी पुन्हा सरकल्याचा आवाज आला. त्यांना ते पटलं असावं. मला पटलं की नाही ते सांगता येत नाही. देवळात जायचं राहिलंच ना. दोऱ्याचा तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला आहे. देव्हाऱ्यात ठेवला नाही आणि फेकलाही नाही. माझं नहाण झाल्यावर देवापुढे बसेन आणि विचारीन. आधी ह्यांना विचारीन, त्या तुकड्याचं काय करू.

निजायच्या आधी मी वही काढली. श्रीराम लिहिलं. हे म्हणाले, "काय लिवतेस रोज? मला कधी वाचून दाखवलं नाय."

खरंच दाखवलं नव्हतं. आठ वह्या भरल्या ह्यांच्या अंगावर, आणि ह्यांना एक ओळ ऐकवली नव्हती. मी मागच्या बुधवारपासून वाचलं. "उजवा मोजा राहिला" प्रत्येक वेळी आलं तसं माझा आवाज खाली जात होता. हे डोळे मिटून ऐकत होते.

"सहा येळा लिवलंस," शेवटी म्हणाले. "खोटं तरी नाय लिवलंस."

"वहीत खोटं लिहीत नाही मी."

"मग आजचं बी लिव. दोरा कोणी बांधला, कोणी सांगितला, कोणी कापला. सगळ्यांची नावं घाल. आणि उद्यापास्नं वाचून दाखव."

मी लिहिलं. नावांसकट लिहिलं. उजवा एकूण चौतीस, त्यातले दोरा कापल्यानंतरचे दोन. डावा पाच.

आज बुधवार. सकाळी पट्टी बदलली. उजव्या पायाला हात लावण्याआधी म्हटलं, "पट्टी सोडते." हे म्हणाले, "सोड." नवी पट्टी गुंडाळून झाल्यावर तिचं टोक ह्यांनी मागितलं. मी पाय दुमडून वर धरला, हे पुढे वाकले, आणि टोक स्वतः खोचलं. खाली बोट घालून पाहिलं, मग मला म्हणाले, "तूबी घालून बघ." मी घातलं. दोन बोटं सहज गेली.

स्वयंपाकघरात वाल कालपासून पाण्यात तसेच होते. आंबट वास सुटला होता, वर फेस आला होता. सोललेल्या डाळिंब्याही गेल्या. सगळं परसात कोंबड्यांना टाकलं आणि पातेलं घासून उन्हात पालथं घातलं. कुणाली आज कॉलेजला गेली नाही, बाबांजवळ बसली आहे. दर तासाला उजव्या पायाची बोटं बघायची हे तिला दाखवून ठेवलं आहे.

आता दहाची एसटी धरून शहापूरच्या बाजारात जाते. ह्यांच्यासाठी इलॅस्टिक नसलेले सैल मोजे आणायचे आहेत, दोन जोड.